अण्णाच्या झग्याचा रंग

अण्णा,

तुझ्या झग्याचा रंग अजून ठरलेला नाही, आणि आता तो मला एकटीला ठरवायचाय.

काल गोकाकच्या बसूचा फोन आला. बिचारा आधी बराच वेळ नुसता घसा साफ करत बसला. मग म्हणाला, "आक्का, रविवारी दुपारी आमी सगळी गेममधी जमालोय. तळ्याकाठी. अण्णांना निरोप द्यायचा म्हणून. अण्णांचं कॅरेक्टर मधी उभं करायचं म्हणालेत. त्यो नवा झगा हाय न्हवं, तेवढा रंग तुमी ठरवा. अण्णा कायम सांगायचे, रंगाचं खातं आमच्या नंदीकडं हाय." मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि मग मात्र मला आवरेना. कारण बरं म्हणताना माझ्या मनात आलं होतं, तुला विचारून उद्या कळवते.

तुझ्या पुण्यानुमोदनाला शाळेतले दोघं-तिघं सर बोलले. तू गणित किती सोपं करून शिकवायचास, किती पोरं तुझ्यामुळं इंजिनिअर झाली, सगळं झालं. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. पण हा माणूस रविवारी जेवून उठला की लॅपटॉप उघडून जादूच्या एका राज्यात वैद्य व्हायचा, हे कुणी बोललं नाही. पुढं तरणी पोरं तलवारी घेऊन राक्षसांशी झुंजायची आणि निपाणीच्या हायस्कूलचे गणिताचे सर मागं उभं राहून त्यांच्या जखमा भरायचे. मला तिथं उठून सांगावंसं वाटत होतं. पण मी पांढरी साडी नेसून, पदर तोंडाला लावून बसले होते. तूही पांढऱ्यातच गेलास. पांढरा तुला आणि मला सारखाच दिसायचा, त्यावर आपलं कधी भांडण झालं नाही.

बाकी रंगांवर काय कमी भांडलो होय?

तुला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत हे घरात सगळ्यात आधी कळलं ते मिरच्यांमुळं. आई तंबाखूच्या वखारीतनं कामावरनं येताना संकेश्वरच्या मिरच्या घेऊन आली होती. पत्र्यावर टाकल्या आणि तुला म्हणाली, पिकलेल्या तेवढ्या वेगळ्या काढ. तू अगदी मन लावून बसलास. संध्याकाळी आईनं बुट्टी बघितली तर निम्म्या लाल, निम्म्या हिरव्या. "डोळं हाईत का बटनं रं तुझी?" म्हणून पाठीत एक दणका. तू रडला नाहीस. नुसता मिरच्यांकडं बघत राहिलास. मग मी जाऊन तुझ्याशेजारी बसले, फतकल मारून, आणि एकेक हातात देत गेले. ही लाल. ही हिरवी. ही अजून व्हायची हाय. शाळेतसुद्धा जात नव्हते मी तेव्हा. तेव्हापासनं तुझ्या रंगाचं खातं माझ्याकडं.

रेल्वेची परीक्षा तू पास झालास तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले. मग डोळ्यांच्या तपासणीला त्यांनी ते ठिपक्या-ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं. बाकीच्या पोरांना त्यात आकडे दिसले, तुला नुसते ठिपके. घरी आलास, चप्पल काढलीस आणि म्हणालास, "गणिताचा माणूस मी, अन् आकडाच दिसंना." आई हसली, मी हसले, तूही हसलास. नंतर तू न्हाणीत जाऊन किती वेळ बाहेर आला नाहीस. ह्या गोष्टीवर आपण पुढं कधी बोललो नाही. शाळेतही तू कुणाला कळू दिलं नाहीस. रंगीत खडू पेटीतनं बाहेर काढायचाच नाहीस. सर फार साधे आहेत, असं पोरांना वाटायचं.

आणि मग माझा संसार मोडला.

बेळगावात टिळकवाडीत मी खोली घेतली, कॉलेजच्या ऑफिसात जाणं-येणं चालू ठेवलं. बाकी सगळं बंद. मावश्या, आत्या, मैत्रिणी, सगळ्यांचे फोन यायचे, आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच असायचं, "कशी आहेस गं?" ते वाक्य ऐकलं की मी फोन ठेवून द्यायचे. कशी असणार? पुढं पुढं उचलणंच सोडलं. तुझासुद्धा फोन मी भीत भीतच उचलला त्या रविवारी.

तू म्हणालास, "नंदे, एक काम हाय. फोटो धाडलाय बघ. त्यात ह्या ओळीत कुठला रंग काय हाय, जरा सांग."

मी फोटो बघितला. रंगाच्या बारक्या बारक्या बाटल्यांची रांग, आणि वर तुझा तो दाढीवाला वैद्य. मी भडकलेच. "अण्णा, इथं माझं घर मोडलंय आणि तू बाहुलीला कापडं नेसवत बसलायस?"

"बाहुली न्हवं गं ती. वैद्य हाय. अन् लई दिवस बनियनवर हिंडालाय बिचारा. लोकं औषध घ्यायला भ्यालीत."

मला हसू फुटलं. मला स्वतःला त्याचा इतका राग आला, पण फुटलं. मग मी सांगत गेले, डावीकडनं पहिला मोरपंखी, दुसरा डाळिंबी, तिसरा असा की नेसू नये आणि नेसवू नये. तू म्हणालास, "मोरपंखी चालंल?" मी म्हटलं, "वैद्याला? लग्नाला निघालाय काय त्यो?" तासभर बोललो असू. तू एकदासुद्धा विचारलं नाहीस की मी कशी आहे.

पुढच्या रविवारी टोप. त्याच्या पुढच्या रविवारी बूट. मग हातमोजे, मग कमरेचा पट्टा, मग त्या वैद्याचा घोडा, घोड्याचं खोगीर. अरे काय ते, राजाच्या पोराच्या लग्नाला एवढी खरेदी नसेल. रविवारी दुपारी फोन येणार म्हणून मी जेवण लवकर उरकायला लागले. सोमवारी ऑफिसात खिडकीबाहेर कुणाची साडी बरी दिसली की मनात टिपून ठेवायला लागले, अण्णाला हे सांगायचं. मला बाहेर बघायची सवय परत लागली होती, अण्णा. मला तेव्हा ते कळलंही नाही.

गेममधल्या तुझ्या टोळीच्या झुलींचा गोंधळ आठवतोय का? टोळीतल्या सगळ्यांनी पाठीवर एका रंगाची झूल घ्यायची असं ठरलं, आणि तू नेहमीप्रमाणं मला विचारलंस. मी रंग बघितले आणि अगदी साडीच्या दुकानात सांगावं तसं सांगितलं, तांबड्यावर पिवळी किनार घे, उठून दिसेल. डोक्यात दुसरं काही नव्हतंच. तू इमानदारीत सगळ्या टोळीला तांबडी-पिवळी झूल चढवलीस. तुला काय, सगळं एकसारखंच. थोड्या वेळानं फोन. "नंदे, काय घालाय लावलंस गं? टोळीत दंगा पेटलाय."

निम्मी पोरं मराठी, निम्मी कन्नड. तांबडा-पिवळा म्हणजे कन्नड झेंडा, तो पाठीवर बघून मराठी पोरं टोळी सोडून निघाली. बसू तेवढा खूश. म्हणून तू भगवा केलास, तर बसू आणि त्याची माणसं रुसली. हिरवा केलास तर कुणीतरी आणखीच काही लिहिलं. वैतागून शेवटी तू निळा केलास, तर खानापूरच्या संत्यानं लिहिलं, "सर, हा तुमचा झाला."

तू ते मला फोनवर वाचून दाखवलंस. मला वाटलं, आता हा सगळ्यांना सोडणार. पण तू हसायलाच लागलास. "बघ की गं. तांबडा-पिवळा बसूचा, भगवा संत्याचा, निळा माझा. आपल्या भागात एक रंग बिनमालकाचा न्हाय." मग मीच सुचवलं, तपकिरी घे. निपाणीच्या मातीतली तंबाखू, तिच्या तपकिरीचा रंग. त्याचा कुणाचा झेंडा नाही, त्यावर कुणाची मिरवणूक निघत नाही. सगळी टोळी तपकिरी झुलीवर राजी झाली. आईनं उभा जन्म ज्या धुळीत काढला तिचा हा रंग, हे फक्त आपल्या दोघांना माहीत होतं.

आणि आता हा झगा.

किती रविवार खपलास तू त्याच्यासाठी. वैद्यानं अमुक इतक्या लोकांचा जीव वाचवला की मिळतो म्हणे. त्याला एकदाच रंग देता येतो, दिला की दिला. फोटो आला तेव्हा मी बघताक्षणी सांगितलं, निळा. तू म्हणालास, हिरवा.

"हिरवा तुला दिसणार हाय काय?" मी म्हटलं. "तुला ती तपकिरी झूल आणि हा झगा एकच दिसंल. निळा घे. निळा तुला खरा दिसतो."

"निळा मला जन्मापासनं हाय गं. घरावर, दारावर, जयंतीच्या मिरवणुकीत. त्याच्यावर माझा जीव हाय, ते सांगाय नगो. पण त्यो मला मिळालेला हाय. एकदा मला माझा मी निवडू दे की."

"निवड की. पण दिसतो त्यातला निवड. न दिसणारा रंग घालून काय करणार?"

"तुला दिसंल की. बसूला दिसंल. वैद्य मागं उभारलाय म्हणून कुणी बघत न्हाय असं वाटतंय तुला, पण लागलं की वळून बघत्यात गं सगळी."

"म्हणजे लोकांसाठी घालायचा?"

"मग कापडं कुणासाठी घालत्यात?"

मला ते पटलं नाही. मी आयुष्यात लोकांना दिसेल असं वागून वागून काय मिळवलं होतं ते मलाच माहीत. मी म्हटलं, आपल्याला जे दिसतं तेच खरं आपलं. तू म्हणालास, तसं बघितलं तर मला तुम्ही सगळी लाल-हिरवी माणसं निम्मीच दिसता, म्हणून तुम्ही माझी न्हवं? मी म्हटलं, हे तुझं गणित मला सांगू नकोस. तू म्हणालास, गणित न्हवं, साधी बेरीज हाय. मग मी ठेवते म्हटलं, तू ठेव म्हणालास, आणि दोघांनीही तणतणत फोन ठेवला.

त्याच आठवड्यात तू वर्गात फळ्यापुढं कोसळलास. दवाखान्यात नेईपर्यंत काही राहिलं नव्हतं.

लोक मला सांगतात, शेवटचं बोलणं भांडणाचं झालं, मनाला लावून घेऊ नकोस. मी कशाला लावून घेऊ? आपलं भांडण चालू होतं म्हणजे आपलं सगळं बरं चालू होतं. मला लागतं ते वेगळंच. तुझं म्हणणं मला खोडायचं होतं, त्यासाठी चांगलं उत्तर मी शोधून ठेवलं होतं, आणि आता ते कुणाला सांगू?

एवढं लिहून ठेवलं होतं. पुढचं निपाणीहून लिहितेय, तुझ्या खोलीतनं.

शनिवारी बसनं आले. वैनी दारातच उभ्या होत्या. दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिलो. मग त्यांनी लॅपटॉप आणून माझ्या मांडीवर ठेवला. "वन्सं, तुमीच बघा काय ते. मला ह्यातलं काय कळत न्हाय. चार्जिंग तेवढं मी रोज लावतोय. बंद पडू नये म्हणून." माझ्यानं त्यांच्याकडं बघवेना.

बसूला फोन लावला. तो सांगत गेला, मी दाबत गेले. आक्का, वर कोपऱ्यात बघा. आता कपाटाचं चित्र. आता रंगाची बाटली. रंगांचं पान उघडलं, तीच बाटल्यांची रांग, दर रविवारी फोटोत बघायचे ती. आणि प्रत्येक बाटलीच्या खाली त्या रंगाचं नाव लिहिलेलं.

अण्णा, नावं लिहिली होती की रं!

स्वच्छ, ठळक, इंग्रजीत. लाल, हिरवा, मोरपंखी, डाळिंबी, सगळी. वाचायला येत नाही असं तुझं काय होतं? मी बसूला म्हटलं, ही नावं नवीन आलीत काय? तो म्हणाला, "न्हाय आक्का, पहिल्यापासनं हाईत." मी माझ्या फोनमधले तुझे जुने फोटो काढून बघितले. एकूणएक फोटो खालनं कापलेला. नावं येतात बरोबर तिथनं. आणि मला कधी वाटलंही नाही की हे फोटो असे बुटके का.

वैनी चहा घेऊन आल्या तर मी स्क्रीनकडं बोट दाखवून रडतेय. त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "मी एकदा म्हटलं होतं त्यास्नी. नावं हाईत की खाली, वन्संना कशाला तरास देताय? तर म्हणाले, गप बस. तिला कशी हाईस म्हणून इचारलं की ती फोन ठेवतीया. रंग इचारला की बोलतीया."

खोटारडा. एवढा मोठा मास्तर, आणि इतका खोटारडा!

तुझ्यावर इतका राग मला कधी आला नव्हता. वैनींच्या पुढ्यातच मी तुला चार शिव्या हासडल्या. मी सगळ्यांना छाती पुढं काढून सांगत होते, मी माझी सावरले, कुणाचा आधार घेतला नाही. ह्यो बाबा दर रविवारी वैद्यगिरी करत होता आणि मला पत्ता नाही. एकदा बोलायचंस तरी! म्हणजे मला तुला काही म्हणता आलं असतं. काय म्हटलं असतं ते मलाही नीट सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही, उलट भांडलेच असते, मी काय लुळी-पांगळी होते काय म्हणून. पण मनात तरी म्हटलं असतं. आता म्हणते, अण्णा. तू मला जगवलंस. हे तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं मला.

मग वैनींनी दिलेला चहा प्याले, तोंड धुतलं आणि बसूला परत फोन लावला. म्हटलं, "बसू, उद्या सगळ्यांनी निळ्यात यायचं. झूल, झगा, टोप, जे असंल ते निळं."

त्याला झुलींचा दंगा आठवला असणार. "आक्का, निळाच का?"

"कारण माझ्या भावाला लाल-हिरवं कळायचं न्हाय. जन्मापासनं. निळा तेवढा त्याला खरा दिसायचा."

मग बसू म्हणाला, "अण्णांनी आमास्नी कधी बोलूनसुदीक दाखवलं न्हाय हो." आणि त्याचा आवाज फुटला. "सांगतो मी सगळ्यास्नी. कोण न्हाय म्हणत न्हाय."

आज रविवार. जेवणं झाली. वैनी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या, चष्मा लावून. तळं खरंच सुंदर आहे रे तुझं. सगळ्यात आधी संत्या आला. डोक्यापासून पायापर्यंत निळा, घोडासुद्धा निळा. काठावर गुडघा टेकून बसला. मग बसू, मग त्याची माणसं, मग एकेक करत बाकीची. ज्यांची नावं मी कधी ऐकली नाहीत तीही. मी मोजलं नाही. काठ भरून गेला.

मग मी कपाटातनं तुझा झगा काढला आणि हिरव्यावर बोट ठेवलं. खेळानं विचारलं, एकदा दिलेला रंग परत बदलता येणार नाही, नक्की का? मी वैनींकडं बघितलं. वैनी म्हणाल्या, "दाबा, वन्सं."

दाबलं.

मधोमध तू उभा राहिलास. हिरवागार. भोवतीनं सगळी वळून तुझ्याकडं बघत होती, तू म्हणाला होतास तशी. तुझं खरं निघालं, आणि माझंही खोटं नव्हतं. तू आम्हाला दिसावास म्हणून तुला तुझा हिरवा दिलाय. आणि आम्ही सगळी निळी झालोय, बसू, संत्या, वैनींनी सकाळी काढून नेसलेली निळी साडी, मी. तुझ्यासाठी, अण्णा.

दिसालोय काय रं आम्ही?